क्लचमध्ये गोडेतेल

“बोलू नका. ती सांगती हाय.”

एवढं म्हणून मिस्त्री डोळे मिटायचे, उजवा तळवा यंत्रावर अलगद ठेवायचे आणि मान जराशी डावीकडे कलती करून उभे राहायचे. मग तुम्ही कोणीही असा, मामलेदार असा नाहीतर गाडीचे मालक असा, तोंड मिटूनच उभं राहावं लागे. यंत्र चालू असलं तर त्याची धडधड, बंद असलं तर नुसतं गार लोखंड. पण मिस्त्री तेवढ्यावरून काय ते ओळखायचे. डोळे उघडले की पहिलं वाक्य ठरलेलं असे.

“हां. सावकाश घेऊ. घाई कुनाला हाय?”

घाई मला असायची. मी डॉक्टर होतो, तोही नवाकोरा. कर्जतच्या बाजारपेठेत दोन खोल्यांचा दवाखाना टाकला होता आणि रोगी मात्र पोशीर-कळंबपासून खालापूरपर्यंत पसरलेले. पहिलं वर्ष पायी आणि बैलगाडीतून काढलं. मग विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्याची जुनी मोटारसायकल घेतली. साहेबानं ती पंधरा-सोळा वर्षं वापरली होती आणि तिचा कंटाळा आला म्हणून नव्हे, तर बोटीत जागा नव्हती म्हणून विकली, असं तो म्हणाला. आमच्या घरी तिला ‘तुमचं ते धूड’ म्हणत.

हे धूड घेतल्याच्या आठवड्यातच माझी मिस्त्रींशी गाठ पडली, कारण ते बंद पडलं. बाजारपेठेपासून मैलभरावर, कडावकडे जाणाऱ्या रस्त्याला, भाताची गिरणी होती. पत्र्याची शेड, आत तेलावर चालणारं मोठं इंजिन, त्यावरून फिरणारे कातड्याचे लांबच लांब पट्टे आणि मागे तुसाच्या राखेचा काळा ढीग. त्या गिरणीचे हे मिस्त्री. साठीला टेकलेला सडपातळ माणूस, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी. तरुणपणी मुंबईच्या कापडगिरणीत फिटर होते, मग इथे आले ते इथलेच झाले. शेडला लागून शेठनं दिलेल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको राहायची. नाव त्यांना असणारच, पण त्या नावानं कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. बायकोला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायचे. या बाईंचं तोंड गिरणीच्या वर चालायचं. पट्ट्यांच्या आवाजातही त्यांचं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं आणि त्यातलं निम्मं मिस्त्रींना उद्देशून असायचं. मिस्त्री कधी उलट बोलले नाहीत.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे पितळेच्या स्टोव्हपासून लॉरीपर्यंत सगळं जातं. आमच्याकडे ते हे होते. एकदा बाजारातला शिंपी शिवणयंत्र पाठीवर घालून आला. टाके सुटतात म्हणाला. मिस्त्रींनी त्याला तिथेच चालवायला लावलं, डोळे मिटले, यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाले, “मशीन बरी हाय. तुजा पाय भांडतोय. घरात काय झालं रं?” शिंपी त्याच सकाळी धाकट्या भावाशी वाटणीवरून हातघाईवर आला होता. तो यंत्र तसंच उचलून घरी गेला.

माझ्यावर या प्रकाराचा इतका परिणाम झाला की मीही रोग्याच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटायला लागलो. चार-सहा दिवसच चाललं ते. एक म्हातारी तपासायच्या बाकावरूनच म्हणाली, “डाक्टर, झोप आली आसंल तर मी नंतर येते.” तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून तपासतो.

मिस्त्रींना माझं गाडी चालवणं अजिबात पसंत नव्हतं. लांबून नुसत्या आवाजावरून ते ओळखायचे, की मी उपाशी आहे, की कोणावर तरी चिडून आलोय. “गियर टाकताना तुमी दात खाता, डाक्टर. दात खाल्ल्यानं गियर पडत नाय.” हे वाक्य मी कमीतकमी पन्नास वेळा ऐकलं असेल. मी चिडायचो. डॉक्टरला रागीट असून चालत नाही असं म्हणतात. मी रागीट होतो आणि चाललं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणी बंद असे. इंजिन धुऊनपुसून त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. त्या दिवशी आजूबाजूचे लोक आपापली हत्यारं घेऊन गिरणीतच पूजेला येत. नांगराचे फाळ, विळे, न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याचं यंत्र, सगळं इंजिनासमोर ओळीनं मांडलं जाई. माझी मोटारसायकलही त्या ओळीत उभी राही आणि तिच्या दिव्याला मोठा हार पडे. नैवेद्य झाला की मिस्त्री समईशेजारची गोडेतेलाची वाटी उचलायचे आणि प्रत्येक यंत्राला तेलाच्या छिद्रातून चार थेंब पाजायचे. एरवी यंत्राच्या तेलाबाबत त्यांच्याइतका काटेकोर माणूस नव्हता. पण हा एक दिवस वेगळा. “वरीसभर ते काळं तेल पितात बिचारी. सनाला तरी गोड नको?” असं म्हणायचे. चार थेंबांनी काही बिघडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या गाडीच्या गियरपेटीवर तेलासाठी एक टोपण होतं. त्यातून ते थेंब जायचे. शेजारी क्लचच्या झाकणावरही तसलंच एक होतं. त्या वर्षी माझी गाडी त्या ओळीत तिसऱ्यांदा उभी होती.

दसरा झाला, चार दिवस गेले. भात पिवळं झालं होतं, कापणी सुरू व्हायच्या बेतात होती. सकाळी आठच्या सुमाराला कळंबच्या पलीकडच्या डोंगरवाडीवरून एक माणूस धावत आला. “बाय अडली. चल.” एवढंच बोलला. त्याची सून होती. पहिलटकरीण. मी बॅग बांधली, त्याला म्हटलं मागे बस. त्यानं गाडीकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. “मी वाटंनं जातो,” म्हणाला आणि पायवाटेला लागला.

सपाटीवर गाडी ठीक चालली. कळंब मागे टाकून चढण लागली आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. आवाज चौपट, वेग मात्र बैलगाडीचा. मी मूठ पिळली तसा आवाज आणखी वाढला आणि गाडी जवळजवळ उभीच राहिली. शिवाय वास येत होता. जळक्या रबराचा नव्हे, पेट्रोलचा नव्हे. वास चक्क तळणीचा होता. कोणीतरी शेजारी बसून पुऱ्या तळाव्यात असा. शेतातल्या दोन बाया मान वर करून रस्त्याकडे बघू लागल्या.

गाडीतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये क्लच असतो, म्हणजे एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या. त्या एकमेकींना घट्ट धरून फिरल्या तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. घसरायला लागल्या तर इंजिन बोंबलतं आणि चाक ऐकत नाही. माझा क्लच घसरत होता. एवढं मला समजलं. मग मी शहाणपणा केला. क्लचची तार सैल झाली असेल म्हणून रस्त्यात बसून ती चांगली ताणून घट्ट केली. त्यानंतर गाडी दहा पावलंसुद्धा गेली नाही.

गाडी करवंदीच्या जाळीला टेकवून, बॅग खांद्याला लावून मी चढण पायी चढलो. वाडीत पोचलो तेव्हा तो सासरा अंगणात उभा होता. माझ्या आधी तासभर पोचला होता. म्हातारी सुईण होती, तिनं बाळ बाहेर काढलं होतं. मुलगी होती, रडत होती. पण आईचं रक्त थांबत नव्हतं. मी बॅगेतून सुई काढली. पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. सुईणीचे हात आणि माझे हात एवढंच आठवतं. रक्त थांबलं. बाई वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. कथा रंगवण्यासाठी नव्हे.

दोन बैल जुंपून गाडी गिरणीवर आणली. मी संतापानं नुसता फणफणत होतो. मिस्त्रींनी नेहमीसारखा हात ठेवला, पण या वेळी लगेच उचलला. क्लचवरचं झाकण काढलं, स्प्रिंगांचे नट सोडले, एकेक चकती बाहेर काढून फडक्यावर मांडली. त्या जुन्या चकत्यांना गोल भोकं असत आणि त्यांत बुचं ठोकून बसवलेली असत, औषधाच्या बाटलीला असतात तसलीच. तीच बुचं समोरच्या पोलादाला पकडून धरतात. ती कोरडी ठणठणीत हवीत. इथे ती तेलानं थबथबली होती आणि तीन बुचांचा तर कोळसा झाला होता.

मिस्त्रींनी एक चकती नाकाशी नेली. मग पुन्हा नेली.

“कुठल्या गाढवानं यात तेल ओतलं?” मी ओरडलो. “बाई मरत होती तिकडे! पेट्रोल विकणाऱ्यानं केलं असेल. नाहीतर कोणीतरी खोडसाळपणा केलाय. मिळू दे मला तो!”

मिस्त्रींनी चकती खाली ठेवली. “तार कुनी ताणली?” एवढंच विचारलं.

“मी.”

“तारेला इतकुशी ढील लागती, डाक्टर. ताणली की चकत्या सुटत्यात. त्यांचा धरलेला हात सोडवलात म्हना की तुमी.” पण हे त्यांनी नेहमीच्या थट्टेनं म्हटलं नाही.

मग कामाला लागले. लढाईचे दिवस, घासलेट मिळायची मारामार. तरी मिस्त्रीणबाईंनी कंदिलातलं ओतून दिलं. त्यात चकत्या धुतल्या. नुसत्या धुण्यानं बुचाच्या पोटातलं तेल निघत नाही. म्हणून मिस्त्रींनी शेडमागच्या ढिगातली तुसाची राख चाळून घेतली, तव्यावर गरम केली आणि चकत्या तिच्यात पुरल्या. ही युक्ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तुसाची राख तेल असं शोषून घेते की दर सहा तासांनी काढली तर तिचे ओलसर गोळे पडलेले असत. मग नवी गरम राख. असं दोन दिवस चाललं. “घाई कुनाला हाय?” हे त्या दोन दिवसांत त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

जळालेल्या तीन बुचांच्या जागी नवी हवी होती. बाजारात बूच मिळत नव्हतं. मी दवाखान्यातल्या मोठ्या बाटल्यांची चार चांगली बुचं काढली आणि मिक्श्चरला कागदाचे बोळे लावले. मिस्त्रींनी बुचं उकळून मऊ केली, चकतीच्या भोकात दाबून बसवली, वाळल्यावर वरचा भाग कापून कानशीनं घासायला लागले. सगळी बुचं एका पातळीत हवीत, एक जरी उंच राहिलं तरी क्लच पुन्हा घसरणार. ते एक हात फिरवायचे, बोटांनी चाचपायचे, पुन्हा दोन हात कानस. डोळे मिटलेलेच. मी शेजारी बसून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, काय हा माणूस!

तिसऱ्या दिवशी दुपारी जोडणी झाली. स्प्रिंगांचे नट एकसारखे आवळले, क्लचची दांडी दाबून चकती फिरवून पाहिली, वाकडी फिरत नव्हती. मधल्या मोठ्या नटाला एक बारीक पीन घालायची राहिली होती. ती त्यांच्या हातून निसटली. पडल्याचा आवाज झाला नाही, कारण खाली फडकं होतं. त्यांच्या डाव्या पायापासून चार बोटांवर पडली होती. पांढऱ्या फडक्यावर काळी पीन, भर दुपारचं ऊन.

मिस्त्री उजवीकडे चाचपत होते. मग पुढे. मग गुडघ्याखाली. बोटं पिनीच्या अगदी जवळून दोनदा गेली.

मी पीन उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांचा हात तसाच उघडा राहिला.

“बघितलंत तुमी,” ते म्हणाले.

मी त्यांची हनुवटी उन्हाकडे वळवली. दोन्ही बुबुळांत मोतीबिंदू. डावा पिकून पार पांढरा झालेला, उजवा त्याच वाटेला. आठवड्यातून दोनदा मी या माणसाला भेटत होतो. त्याच्याशी भांडत होतो, त्याची नक्कल करत होतो. गावोगाव लोकांच्या पापण्या उलटून बघत हिंडत होतो आणि इथे माझं लक्षच गेलं नव्हतं. अशी लाज मला पुढे कधी वाटली नाही.

“किती दिवस?”

“दोन सालं. डोळे मिटायची खोड जुनी हाय माजी. पयलं ऐकाया मिटायचो. मग ती खोड उपेगी पडली.”

मग पीन चाचपून बसवत, खाली मान घालून म्हणाले, “परवा गाढव म्हनालात. ते मीच, डाक्टर. गोडंतेल हाय ते. वास घेतला तवाच कळलं. गियरचं टोपन समजून मी क्लचचं उघडलं. आनि चार थेंब बी नाय, हातात धार किती पडली ते दिसलं नाय.”

मी म्हटलं, “मिस्त्री, बाई बरी आहे. बाळही बरं आहे. हे इथे तुम्हाला आणि मला माहीत. मी कोणाला सांगणार नाही.” मी मनापासून म्हटलं होतं. शेठला कळलं तर काम जाणार, आणि कामाबरोबर खोली. साठीच्या माणसाला दुसरं कोण ठेवणार होतं?

मिस्त्री उठले, हात पुसले. “इथं पट्टे फिरत्यात, डाक्टर. बाया धान घेऊन त्या पट्ट्याला लागून उब्या ऱ्हात्यात. पोरं असत्यात काखंला. तुमची बाई वाचली. हिथली वाचंलच असं नाय.”

तसेच चालत ते शेठच्या गादीपाशी गेले. मी मागोमाग. नव्या भाताचा हंगाम तोंडावर होता, शेठ पोत्यांच्या हिशेबात होता.

“शेठ, मला दिसत नाय. दोन सालं झाली. इंजान बंद करा आनि दुसरा मानूस आना.”

शेठनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “अहो मिस्त्री, मग ते डोळे मिटून, हात ठेवून जे करता ते…”

“उगडे ठेवले तरी तेवढंच दिसायचं, शेठ. मिटलेले लोकांना बरे दिसत्यात.”

शेठ वाईट माणूस नव्हता. दिवाळीपर्यंत तरी राहा म्हणाला. मिस्त्री म्हणाले, आज दुपारपासूनच नको. इंजिन त्यांनीच बंद केलं. पट्टे हळूहळू थांबले आणि शेडमध्ये अशी शांतता झाली, की मिस्त्रीणबाई खोलीतून बाहेर आल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं. एवढ्या बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत. आत निघून गेल्या.

मोतीबिंदू काढता येतो, हे मिस्त्रींना पटवायला मला पंधरा दिवस लागले. त्यांच्यासारख्या शंका मी मुंबईच्या कुठल्याही परीक्षकाकडून ऐकल्या नव्हत्या.

“डोळा उगडत्यात?”

“हो.”

“आतलं भिंग काढत्यात, साफ करत्यात, परत बसवत्यात?”

“परत बसवत नाहीत. काढून टाकतात. मग वरून जाड चष्मा.”

“म्हंजे एक पार्ट कमी ठेवून गाडी जोडत्यात?”

“हो.”

“आनि चालती?”

“चालते.”

मिस्त्रींनी स्वतःच्या पापणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “कसला मिस्त्री हाय तो! बघाया पायजे एकदा.” असे ते तयार झाले.

स्टेशनपर्यंत मी त्यांना मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर बसवून नेलं. त्यांनी जोडलेल्या क्लचवर. मधल्या छोट्या चढावर त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि ओरडले, “धरलाय!” मी दात खात गियर टाकला. तो बरोबर पडला, पण हे त्यांनी मान्य केलं नाही.

मुंबईच्या इस्पितळात डाव्या डोळ्याचंच काम झालं, उजवा अजून पुरता पिकला नव्हता. त्या काळी ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस न हलता पडून राहावं लागे. शेजारच्या खाटांवरचे लोक त्रासून उठून बसायचे. मिस्त्री हलले नाहीत. नर्सनं विचारलं तर म्हणाले, “बसवलेलं बसू द्याया नको?”

दीडेक महिन्यानं ते माझ्या दवाखान्यात आले, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा लावून. दारातच थांबले आणि माझ्याकडे एकटक बघत राहिले.

“डाक्टर तुमीच?”

“मीच.”

“मिशी पन नीट फुटली नाय की हो! आवाजावरनं मी पन्नाशीचा धरला व्हता तुमाला. आदी दिसला असतात तर डोळा दिला नसता तुमच्या भरवशावर.”

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग ते मोटारसायकलकडे गेले. ती कशी दिसते हे त्यांनी तोवर धड पाहिलंच नव्हतं. सगळीकडून फिरून पाहिलं. क्लचच्या झाकणापाशी ते वाकले आणि तसेच वाकून राहिले. प्रत्येक नटाभोवती पाना निसटल्याचे ओरखडे होते, लहान, मोठे, एकावर एक. दोन वर्षांतले.

“हे समदे माजे?”

“नाही,” मी म्हटलं. “साहेबाच्या वेळचेच आहेत.”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्या भिंगांतून त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. पॉलिशपेपर आहे का, असं त्यांनी विचारलं. ती दुपारभर ते माझ्या अंगणात बसून झाकण घासत होते. बरेचसे ओरखडे गेले, सगळे नाही.

शेठ त्यांना परत घ्यायला तयार होता, हे मुद्दाम सांगतो. मिस्त्रींनीच नाही म्हटलं. एका डोळ्यानं आणि त्या चष्म्यानं अंतराचा अदमास लागत नाही, पट्टा हातभर लांब वाटतो आणि वीतभर जवळ असतो, म्हणून. खोली सोडून दोघं कडावच्या पुढे मिस्त्रींच्या भावाच्या गावी राहायला गेली. तिथे ते बत्त्या, स्टोव्ह, शिवणयंत्रं असली कामं करायचे. ज्यानं कोणाला इजा होणार नाही अशी. मी त्या बाजूला गेलो की मुद्दाम वाट वाकडी करायचो. माझ्या गाडीचा आवाज ऐकून ते रस्त्यावर येऊन उभे राहिलेले असायचे.

तिसऱ्या वर्षी भर पावसाळ्यात ते गेले. रस्ता पाण्याखाली होता, मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मी गेलो. मिस्त्रीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी समोर बसलो. नेहमीप्रमाणे त्याच बोलल्या.

“डाक्टर, एक इचारू? ती दोन सालं तुमाला बी ठाव नव्हतं?”

“खरंच नव्हतं.”

“मला बी नाय. एका ताटाला बसून नाय. मी समजले, ह्यांचं मन उडालं माज्यावरनं. समोर बसायचे, पन तोंडाकडं बघायचे नाय. बघितलं तर भलतीकडंच. लई बोलले मी त्यांना. तुमी तर ऐकलंय. रस्त्यावरची मानसं ऐकायची. एकदा म्हनले नाय, की दिसत नाय गं.”

“मग नंतर कधी विचारलंत?”

“चष्मा लावून आले त्याच दिशी इचारलं. का नाय सांगितलंत मला? तर म्हनले, सांगितलं असतं तर तू रागवायची सोडून रडत बसली असतीस. तू बोलत व्हतीस तवर घरात कुठं हायस ते मला कळायचं. रडताना तुजा आवाज व्हत नाय.”

एवढं सांगून बाई थांबल्या. मी समोर बसलो होतो, म्हणून मला दिसलं.